कड्यावरची गर्दी आधी मोजा, मग पावतीपुस्तक छापा

जानेवारीतल्या रविवारी सकाळी साडेसातला रॉक क्लाइंबिंगच्या कड्याच्या पायथ्याशी पोहोचावं, तर सहापैकी चार रूटवर, म्हणजे चढाईच्या ठरलेल्या वाटांवर, दोर लागलेले असतात. पाचव्याखाली कुणाची तरी सॅक असते, एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशी. सहावा रिकामा असतो, कारण त्याच्या अँकरची (वर कातळात पक्क्या केलेल्या, दोर अडकवायच्या आधाराची) एक रिंग बोटाने फिरते. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि गेले तीन हंगाम माहीत आहे. बदलायला पैसे कुणाकडे नाहीत, म्हणून सगळी गर्दी उरलेल्या पाच रूटवर. जास्त वापरामुळे आता पाचव्याची रिंगही झिजायला लागली आहे.

गर्दी आणि निधी हे दोन वेगळे विषय आहेत असं मलाही बरीच वर्षं वाटायचं. गर्दीसाठी पाट्या लावायच्या आणि निधीसाठी वर्षातून एकदा टी-शर्ट विकायचे. प्रत्यक्षात सहावा रूट दुरुस्त करणं हाच गर्दी कमी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय असतो, आणि त्याचे पैसे देऊ शकणारी माणसं रांगेत समोरच उभी असतात. फक्त त्यांच्याकडे नीट मागावं लागतं. हा लेख मोठ्या मोहिमांसाठी नाही. एखादा जवळचा कडा वर्षानुवर्षं वापरणाऱ्या आणि त्याची काळजी घ्यावीशी वाटणाऱ्या पाच-सात जणांच्या गटासाठी आहे.

गर्दी का वाढली यावर फार डोकं खपवू नका. पुण्या-मुंबईत कृत्रिम भिंती झाल्या, २०१६ आणि २०१७ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगचा विश्वचषक झाला, टोकियोपासून क्लाइंबिंग ऑलिंपिकमध्ये आलं. भिंतीवर शिकलेली मुलं कधीतरी खऱ्या कातळावर येणारच. यायलाच हवीत.

पहिली पायरी: चार रविवार नुसतं मोजायचं

‘हल्ली फार गर्दी असते’ हे वाक्य वनविभागापुढे, सरपंचापुढे किंवा देणगीदारापुढे काहीच कामाचं नाही. आकडा लागतो. एकाने चार रविवार न चढता (हा त्याग मोठा आहे, पाळीपाळीने करा) पायथ्याशी वही घेऊन बसायचं. दर अर्ध्या तासाला चार गोष्टी लिहायच्या: किती माणसं आहेत, किती रूटवर दोर आहे, त्यातल्या किती दोरांवर खरोखर कुणी चढतंय, आणि खाली किती गाड्या उभ्या आहेत.

तिसरा रकाना सगळ्यात बोलका ठरतो. टॉप रोप (वरच्या अँकरमधून खाली सोडलेला दोर) लावून ठेवलेला, मंडळी बाजूला पोहे खातायत आणि दुसरा गट हात चोळत उभा, हे दृश्य आमच्या वहीत इतक्या वेळा आलं की ‘कडा अपुरा पडतो’ या आमच्याच तक्रारीची आम्हाला लाज वाटली.

मग कड्याची क्षमता काढायची. सोपं गणित आहे. समजा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि सकाळी ७ ते दुपारी १२ सावली मिळते. म्हणजे ३०० मिनिटं. दोरात बांधून घेणं, चढणं, उतरणं, सोडणं धरून माणशी २० मिनिटं लागतात. एका रूटवर १५ चढाया झाल्या, सहा रूटवर ९०. प्रत्येकाला दिवसात निदान चार चढाया मिळाव्यात असं धरलं तर हा कडा २२ जणांचा आहे. ६० जण आले तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड चढाई येते, आणि त्या दीड चढाईसाठी माणूस पहाटे पाचला घरातून निघालेला असतो. आता सहावा रूट बंद धरून हेच गणित पुन्हा करा. ७५ चढाया, म्हणजे जेमतेम १९ जण. एका सैल रिंगेपायी कडा तीन-चार माणसांनी लहान झाला. निधी मागताना हेच वाक्य उपयोगी पडणार आहे, म्हणून वहीत ठळक लिहून ठेवा.

दुसरी पायरी: जमीन कुणाची?

हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलं तर पुढचं सगळं वाळूवर बांधल्यासारखं होतं. गट नंबर शोधून सातबारा काढा. महाभूलेखवर बघता येतो, तरी तलाठ्याकडून खात्री करून घ्या. कडा बहुतेक वेळा वनविभागाचा निघतो, कधी गावाच्या गायरानातला, कधी चक्क कुणाच्या खाजगी मालकीचा.

राखीव वन असेल तर भेट वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याची. अभयारण्य असेल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो आणि तिथे ‘आम्ही नेहमीच येतो’ हे चालत नाही. कोकणकडा असा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात आहे. कडा एखाद्या संरक्षित किल्ल्याचा असेल तर पुरातत्त्व खातं येतं. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र असतं. तिथे ड्रिल मशीन घेऊन जायचा विचारही लेखी परवानगीआधी करू नका. २०२५ मध्ये आपले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी असे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेल्यापासून या बाबतीतली नजर आणखी कडक झाली आहे, आणि ते योग्यच आहे. तटबंदीच्या चिऱ्यात कुणी बोल्ट (दोर अडकवायला भोकात बसवायचा खिळा) मारलेला मला तरी बघायचा नाही.

अर्ज मराठीत, एका पानाचा आणि नकाशासह द्या. आवक क्रमांकाचा शिक्का असलेली प्रत जपून ठेवा. अधिकारी बदलतात, शिक्का बदलत नाही.

तिसरी पायरी: गावात आधी चहा, मग विषय

कड्यावर येणाऱ्या २२ किंवा ६० जणांचा पहिला परिणाम गावावर होतो. पहाटे साडेपाचला कुत्री भुंकतात, गाडी शेताच्या बांधावर लागते, बैलगाडीची वाट अडते. ज्याच्या बांधावर गाड्या लागतात त्या माणसाला भेटा. सरपंच आणि पोलीस पाटलांना तर भेटायचंच, पण खरा प्रश्न त्या बांधवाल्याचाच असतो.

जाताना मागणी घेऊन जाऊ नका, विचारायला जा. आमच्या कड्याखालच्या गावात आम्हाला वाटलं होतं, लोकांना आवाजाचा त्रास होत असेल. तक्रार निघाली वेगळीच. आमची मुलं ज्या ओढ्याकाठी शौचाला जात होती, तिथूनच खाली जनावरं पाणी प्यायची. दहा वर्षांत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही विचारलं नव्हतं.

गावाशी जे ठरेल ते दोन ओळीत लिहून ठेवा. गाड्या कुठे लागणार, गाडीमागे किती रुपये कुणाला द्यायचे, नाश्ता-जेवण कोणत्या घरी सांगायचं. शहरातून डबे भरून नेण्याची सवय मोडा. आठवड्याला २० प्लेट पोहे आणि ४० चहा विकले गेले की कडा टिकावा असं गावालाही वाटू लागतं. जत्रेच्या, लग्नाच्या आणि भातकापणीच्या दिवसांत जायचं नाही हेही तिथेच ठरून जातं.

चौथी पायरी: गर्दी पांगवायची

पाटी लावून गर्दी पांगत नाही. तीन दिशांनी ती पांगते: वेळ, जागा आणि शिस्त.

वेळेचं सोपं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांना रविवारीच यायचं असतं. तुमच्या संस्थेचे शिबिर, सराव वर्ग, नव्या मुलांची ओळख वगैरे शनिवारी किंवा मधल्या वारी घ्या. आपणच रविवारी ३० जणांचा वर्ग आणून वर ‘गर्दी फार’ म्हणायचं, हे मी प्रतिष्ठित मंडळींनाही करताना पाहिलं आहे. (त्यात एकदा मीही होतो.) शेजारच्या दोन-तीन संस्थांनी मिळून एक सामाईक कॅलेंडर ठेवलं आणि १५ पेक्षा मोठा गट असेल तर आठवडाभर आधी त्यात लिहायचं एवढं पाळलं, तरी निम्मा प्रश्न मिटतो.

जागेच्या बाबतीत मोह आवरा. नवा कडा शोधून त्याचं लोकेशन सगळीकडे टाकणं म्हणजे पांगवणं नव्हे. ती गर्दीची पेरणी असते. त्याआधी आहे त्याच कड्यावरचे पडीक रूट जिवंत करा. नवा भाग उघडायचाच असेल तर कातळावर पांढऱ्या विष्ठेचे लांब ओघळ दिसतायत का ते आधी बघा. दिसले तर वर गिधाडांची किंवा शाहीन ससाण्याची बसायची, कदाचित विणीची जागा असते. लांब चोचीची गिधाडं हिवाळ्यात, म्हणजे नेमकी आपल्या हंगामात, कड्यांवरच घरटी करतात. तो भाग सोडून द्यायचा. आणि आग्यामोहोळ दिसलं तर चर्चाच नको. खालून धूर, वरून अत्तर, मध्येच ड्रिलचा आवाज, यातलं काहीही त्यांना उठवायला पुरतं. दोरावर लटकलेला माणूस पळू शकत नाही.

आता शिस्त. ही सगळ्यात अवघड आणि सगळ्यात परिणामकारक. आमच्याकडे टिकलेले नियम सांगतो. दोर २० मिनिटं रिकामा लटकला तर तो सगळ्यांचा: मागणाऱ्याला चढू द्यायचं किंवा दोर काढायचा. सॅक ठेवून रूट अडवायचा नाही. टॉप रोप कायमच्या रिंगांमधून कधीच ओवायचा नाही. स्वतःच्या स्लिंग (पट्ट्याचा फास) आणि कॅराबिनरचा (अडकवायची कडी) अँकर लावायचा, शेवटच्या माणसानेच रिंगेतून उतरायचं. हा शेवटचा नियम गर्दीचा वाटत नाही, पण ३० जणांनी वाळूचे कण चिकटलेला दोर एकाच रिंगेतून दिवसभर ओढला की रिंग करवतीने कापल्यासारखी झिजते. स्लिंग तुमची झिजू दे, ती दुकानात मिळते.

हेल्मेट पायथ्याशी बसलेल्यांनीही घालायचं. आपला बेसॉल्ट थराथरांचा. दोन कठीण थरांमध्ये ठिसूळ, भोकाभोकांचा किंवा लाल मातकट थर असतो आणि पावसाळ्यानंतर तिथले दगड सुटे झालेले असतात. गर्दीत दगड पडण्याची शक्यता वाढते आणि तो कुणालातरी लागण्याचीही. लिंगाणा सुळक्याला मोहरी गावाकडून बोराट्याच्या नाळेने, म्हणजे अरुंद घळीतून, उतरणाऱ्यांनी हे अनुभवलं असेल. नाळेत एकाच वेळी तीन गट असले की वरच्या गटाच्या पायाखालचा धोंडा नरसाळ्यातून यावा तसा खालच्या गटावर येतो. तिथे एक गट पूर्ण बाहेर पडेपर्यंत दुसऱ्याने वर थांबणं, एवढाच उपाय आहे. फोनला रेंज नसते, म्हणून शिटीच्या खुणा आधी ठरवा.

व्यावसायिक इव्हेंटवाल्यांशी भांडू नका. ४० जणांचं रॅपलिंग (दोरावरून खाली उतरणं) लागलं की तो अँकर दिवसभर गेला, हे खरं. लोणावळ्याजवळच्या नागफणीसारख्या जागी हे नेहमीचं आहे. पण ही मंडळी तारखा आधी ठरवतात, म्हणून त्यांच्याशी बोलणं उलट सोपं असतं. त्यांना कॅलेंडरमध्ये घ्या, कड्याची एक ठरावीक बाजू द्या. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात नोंदणी आणि सुरक्षेच्या अटी आहेत. नोंदणी झाली आहे का, हा प्रश्न नम्रपणे विचारायला हरकत नाही. पुढे निधीतही त्यांचा वाटा येणार आहे.

पाचवी पायरी: बोल्टची वही

पैसे किती लागतील हे कळायला आधी कातळात काय आहे ते कळायला हवं. प्रत्येक रूटला क्रमांक, रूटवरच्या प्रत्येक बोल्टला खालून वर क्रमांक. ३–४ म्हणजे तिसऱ्या रूटचा चौथा बोल्ट. प्रत्येकाचा फोटो, प्रकार आणि अवस्था लिहा.

सह्याद्रीत एकाच रूटवर चार पिढ्यांचं लोखंड सापडतं. हाताने भोक पाडून ठोकलेले जुने बोल्ट, फटीत मारलेले पिटॉन, घरगुती वेल्डिंगच्या रिंगा आणि मग अलीकडचे एक्स्पान्शन (भोकात फुगून घट्ट बसणारे) किंवा ग्लू-इन (ग्लूने चिकटवलेले) बोल्ट. ज्यांनी ते ठोकले त्यांना मुजराच, पण त्या लोखंडावर आज लीड पडण्याइतका (दोर खालून घेऊन पुढे चढताना पडण्याइतका) विश्वास ठेवू नका. दिसायला बोल्ट बरा असतो, गंज आत भोकात असतो. स्टेनलेसचा बोल्ट आणि साध्या लोखंडाचा हँगर (बोल्टवरची, दोर अडकवायची पट्टी) अशी जोडी दिसली तर तिच्यापुढे लाल खूण करा. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकत्र आले की त्यातला एक लवकर गंजतो.

अवस्थेसाठी तीनच रंग ठेवा. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे पुढच्या हंगामात पुन्हा बघायचा, लाल म्हणजे रूट बंद. हँगर हाताने फिरतोय, रिंग पाव भागाहून जास्त झिजली आहे, बोल्टभोवती कातळाला चीर आहे किंवा हातोडीने ठोकल्यावर भोवतीचा दगड पोकळ वाजतो, यातलं काहीही दिसलं की लाल. ‘थोडा हलतो पण धरेल’ हा रंग वहीत नाही.

बदलायचं साहित्य ईएन ९५९ किंवा यूआयएए १२३ या क्लाइंबिंग बोल्टच्या मानकांनुसार प्रमाणित असावं. त्यात आडव्या ओढीला निदान २५ किलोन्यूटन ताकद मागितली आहे. गॅरेजमध्ये वाकवलेली सळई कितीही जाड असली तरी ती या हिशेबात बसत नाही. घाटावर साधारणपणे ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील धरून चाला. अगदी समुद्राला लागून असेल तर तेही कमी पडू शकतं. थायलंडमध्ये रेले आणि टोनसायच्या समुद्रकाठच्या चुनखडीत स्टेनलेस बोल्टना आतून तडे जाऊन ते हाताच्या ओढीने तुटायला लागले, तेव्हा तिथल्या आणि जगभरच्या चढणाऱ्यांनी वर्गणी काढून टायटॅनियमचे बसवले. रत्नागिरी-सिंधुदुर्गात समुद्रकड्यांवर बोल्ट मारायला निघालेल्यांनी ही गोष्ट खर्चासकट लक्षात ठेवावी.

सहावी पायरी: अंदाजपत्रक एका पानात

आपला सहा रूटचा कडा घेऊ. प्रत्येक रूटवर आठ बोल्ट आणि वर अँकरचे दोन, म्हणजे दहा बिंदू. एकूण ६०. समजा बोल्ट आणि त्याचा ग्लू मिळून बिंदूमागे ६०० रुपये पडले (खरा दर तीन ठिकाणची कोटेशन घेऊन भरा), तर ३६,००० रुपये. ड्रिलचे बिट, ब्रश, पंप, ग्लूची गन आणि नोझल, प्रवास, जेवण, प्रथमोपचार पेटी आणि अडीअडचणीसाठी राखीव असं धरून आकडा ६०,००० ला जातो. बेसॉल्टमध्ये बिट लवकर बोथट होतात, तो खर्च सगळे विसरतात. ड्रिल मशीन विकत घेऊ नका, दुसऱ्या संस्थेकडून मागून आणा. वर्षातून दोनदा लागणाऱ्या मशीनसाठी निधी अडकवणं शहाणपणाचं नाही.

आता पहिल्या पायरीची वही काढा. २२ जण गुणिले हंगामातले २० रविवार, म्हणजे ४४० फेऱ्या. ६०,००० भागिले ४४० म्हणजे फेरीमागे साधारण १३६ रुपये. अर्ध्याच लोकांनी दिले तर २७३. कड्यावर येणारा माणूस पेट्रोल, टोल आणि परतीच्या मिसळीवर यापेक्षा जास्त खर्च करतो. हा आकडा तुमच्या मागणीचा गाभा आहे. ‘सहकार्य करा’ असं म्हणण्यापेक्षा ‘एका रविवारचे १३६ रुपये’ असं म्हटलं की माणसाचा हात खिशाकडे जातो.

गावासाठी आणि बचाव पथकासाठी वेगळी ओळ ठेवा. लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र असो किंवा महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरशी जोडलेले इतर स्वयंसेवक, ही माणसं स्वतःचं काम सोडून आपल्यासाठी धावतात. त्यांचे दोर आणि स्ट्रेचरही झिजतात.

सातवी पायरी: पैसे कुणाच्या नावावर?

इथे चांगली चांगली माणसं अडकतात. सगळ्यात सोपा मार्ग म्हणून कुणीतरी स्वतःचा क्यूआर कोड ग्रुपवर टाकतो. पैसे येतात, बोल्टही येतात, पण वर्षभराने ‘उरलेल्याचं काय झालं’ या एका प्रश्नावर २० वर्षांची मैत्री तुटते. वैयक्तिक खात्यात एक रुपयाही नको.

नोंदणीकृत संस्था असेल तर तिच्या खात्याचा वेगळा निधी करा, दोघांच्या सह्या ठेवा आणि क्यूआर त्याच खात्याचा. संस्था नसेल तर एखाद्या जुन्या नोंदणीकृत गिर्यारोहण संस्थेला विनंती करा की पैसे त्यांच्याकडे जमा होतील आणि खर्च तुमच्या वहीनुसार होईल. नवी संस्था काढायची घाई नको. ऑडिट आणि बदल अर्ज यांचा व्याप दरवर्षी मागे लागतो. तात्पुरत्या गटाने धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील तर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातल्या कलम ४१ कचा विचार करावा लागतो. गणपती मंडळं वर्गणीआधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतात, तेच हे कलम. मंडळात काम केलेला एखादा कार्यकर्ता तुमच्या गटात असेलच, त्याला पुढे करा.

‘८०जी आहे का?’, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळेल का, हा प्रश्न हमखास येतो. सवलत देता येते ती संस्थेला तशी मान्यता असेल तरच. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर सवलत मिळत नाही, आणि ज्यांनी नवी करप्रणाली घेतली आहे त्यांना तर ती मिळतच नाही. छोट्या रकमांसाठी या प्रश्नापायी अडून बसू नका.

परदेशातल्या मंडळींकडून घेताना मात्र जपून. न्यू जर्सीतला आपला जुना दोरसोबती अजून भारतीय पासपोर्टवर असेल तर त्याची देणगी विदेशी धरली जात नाही. त्याने अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी, ती विदेशी देणगी ठरते आणि तुमच्या संस्थेकडे एफसीआरए (विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते. बहुतेक गिर्यारोहण संस्थांकडे ती नसते. मग त्याला सांगा, डिसेंबरात ये, चार दिवस ड्रिल धर.

कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी लहान कड्यासाठी सहसा जुळत नाही, कारण त्यांना मोठी रक्कम, सीएसआर-१ नोंदणी आणि भरपूर कागद लागतात. पण तालुक्यातल्या शाळेच्या मुलांना क्लाइंबिंग शिकवायचा कार्यक्रम जोडला तर कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे, आणि आपला खेळ आता त्यात बसतो.

आणि एक महत्त्वाचं: कड्याच्या वाटेवर टेबल टाकून ‘प्रवेश फी’ घेऊ नका. जमीन तुमची नाही. शुल्क घेण्याचा अधिकार वनविभागाचा, त्याच्या समितीचा किंवा मालकाचा. सिंहगडावर वाहनांचं शुल्क घेतलं जातं ते वन समितीमार्फत, पावतीसह. तुम्ही घेऊ शकता ती ऐच्छिक वर्गणी. देणार नाही म्हणणाऱ्यालाही चढू द्यायचं, आणि तोंड वाकडं न करता.

आठवी पायरी: मागायचं कसं

अमेरिकेत केंटकीच्या रेड रिव्हर गॉर्जमध्ये म्यूर व्हॅली नावाची खाजगी मालकीची दरी आहे. एका दांपत्याने २००० च्या दशकात ती विकत घेऊन चढणाऱ्यांसाठी खुली केली. २०१५ मध्ये त्यांनी ती चढणाऱ्यांच्याच संस्थेला दिली. ती संस्था वाटा, बोल्ट आणि पार्किंगचा खर्च काढते तो मुख्यतः गाड्यांच्या शुल्कातून आणि देणग्यांतून. मला त्यातली सोय आवडते. माणूस चढतो किती हे मोजण्यापेक्षा गाडी मोजणं सोपं, शिवाय चौघं एका गाडीत आले तर वाटणी स्वस्त पडते आणि गाड्या आपोआप कमी होतात. आपल्याकडे हे गावाच्या पार्किंगशी जोडता येईल. बांधवाल्याच्या ५० रुपयांच्या पावतीवर, त्याच्या संमतीने, खाली एक ओळ: ‘बोल्ट निधी ऐच्छिक’, आणि शेजारी क्यूआर.

दुसरा मार्ग रूट दत्तक देण्याचा. दहा बिंदूंचा एक रूट, दहा जण, एकेक बोल्ट. देणाऱ्याला त्याचा क्रमांक सांगायचा: ‘तुमचा ३–४.’ वेडेपणा वाटेल, पण आपल्या बोल्टवर क्विकड्रॉ (दोर ओवायची दोन कड्यांची जोडी) अडकवताना माणसाला जे वाटतं ते टी-शर्ट देऊ शकत नाही. कातळावर मात्र कुणाचंही नाव लिहायचं नाही, अगदी देणाऱ्याने हट्ट केला तरी. किल्ल्यांच्या भिंतींवर ‘बदामातली’ नावं पाहून आपणच शिव्या घालतो ना?

इव्हेंटवाल्यांकडे माणशी ठरलेली रक्कम मागा आणि त्याबदल्यात अँकरची तपासणी केल्याची तारीख त्यांना लेखी द्या. त्यांना याची खरी किंमत असते. कृत्रिम भिंतीच्या मालकांना एखाद्या संध्याकाळची फी निधीला द्यायची गळ घाला, कारण त्यांची गिऱ्हाइकंच पुढे कड्यावर येतात. परदेशी क्लाइंबिंग मेळ्यांमध्ये साहित्याची सोडत काढतात, ते बघून इथे तिकिटं छापू नका. परवानगीशिवायची सोडत आपल्याकडे लॉटरीच्या कायद्यात अडकते. सरळ लिलाव करा. जुन्या गिर्यारोहकाचा पिटॉनचा जुडगा किंवा सही केलेलं आइस अॅक्स याला चांगली बोली लागते.

मागायची वेळ ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. हंगाम सुरू होतोय, उत्साह आहे, दिवाळीचा बोनस हातात आहे. मार्चमध्ये मागितलेत तर लोक कर भरण्याच्या चिंतेत असतात आणि कडाही तापलेला असतो.

नववी पायरी: काम करून दाखवायचं

बोल्ट मारायचं काम उत्साही हातांना देऊ नका, शिकलेल्या हातांना द्या. भोकाची खोली, कोन, आतली धूळ फुंकून-घासून-पुन्हा फुंकून काढणं, ग्लू पूर्ण पक्का होईपर्यंत त्याला हात न लावणं, यातली एक चूक बाहेरून कुणालाच दिसत नाही. संस्थेत असा माणूस नसेल तर बाहेरून बोलवा, त्याचा प्रवास आणि जेवण अंदाजपत्रकात धरा. कामाच्या दोन दिवसांत कडा बंद ठेवा आणि ते सामाईक कॅलेंडरमध्ये महिनाभर आधी लिहा. पायथ्याशी एक माणूस फक्त वाटसरूंना थांबवायला हवा.

सुरुवात सहाव्या, रिकाम्या रूटपासून करा. सगळ्यात चांगल्या रूटला नवे बोल्ट द्यायचा मोह होतो, पण गर्दी तिथेच आहे, ती आणखी वाढेल. बंद पडलेला रूट उघडला की पुढच्याच रविवारी रांग कमी झालेली लोकांना दिसते, आणि दुसऱ्या हप्त्याचे पैसे मागायला वेगळं भाषण लागत नाही.

काढलेले गंजके बोल्ट फेकू नका. एका फळीवर क्रमांकासह लावून ती फळी पार्किंगपाशी ठेवा. हिशेबाचं एक पान तिथेच: जमा, खर्च, शिल्लक, बिलांचे क्रमांक. ‘शिल्लक ४,३१० रुपये’ असं लिहिलेलं असलं की कुणी विचारत नाही. नुसतं ‘निधी शिल्लक आहे’ लिहिलं की सगळे विचारतात. शिल्लक रक्कम पुढच्या तपासणीची. तिला हात लावून वार्षिक जेवण करू नका, कितीही आग्रह झाला तरी.

पुढच्या वर्षी पाऊस थांबून गवत वाळायला लागलं की पहिल्या रविवारी दोर न लावता जायचं. सोबत वही, हातोडी, लाल कापडाच्या पट्ट्या, टॉर्च आणि दुर्बीण. दुर्बिणीने आधी आग्यामोहोळाची पोळी बघायची, मग १–१ पासून सुरुवात.